कोल्ह्याचा जंत, घरची कुत्री आणि स्ट्रॉबेरीचा वाफा

नेकारकाठ:
आम्ही स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. पहाटे कुंपणाखालून कोल्हा येतो आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्याजवळ विष्ठा करून जातो. आमची लॅब्राडोर कुत्री ती जागा हुंगत बसते आणि शेतात सोडली की उंदीर उकरून खाते. तिला आम्ही वर्षातून दोनदा जंताचे औषध देतो. शेजारच्या आजींनी ‘फुक्सबांडवुर्म’ म्हणजे कोल्ह्याच्या जंताबद्दल बजावल्यापासून काळजी वाटते, कारण सहा वर्षांची मुलगी कुत्रीला बिलगूनच झोपते. कोल्ह्याजवळून कुत्रीला हा जंत लागतो का? आणि फळे फ्रीजरमध्ये ठेवून मग खाल्ली तर चालतील का?

गुरांचा_डॉक्टर:
आजींचे म्हणणे खरे आहे, पण तुमचा संशय चुकीच्या जागी आहे. एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस हा जेमतेम २ ते ४ मिलिमीटर लांबीचा चपटा जंत कोल्ह्याच्या लहान आतड्यात राहतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ती शेतातल्या उंदरांच्या पोटात गेली की उंदराच्या यकृतात अळ्या वाढतात, आणि असा उंदीर खाणाऱ्या कोल्ह्याच्या किंवा कुत्र्याच्या आतड्यात पुन्हा जंत तयार होतो. म्हणजे विष्ठा हुंगल्याने तुमच्या कुत्रीच्या आतड्यात जंत होणार नाही. उंदीर खाल्ल्याने होईल. मात्र ती त्या विष्ठेत लोळली तर अंडी केसांना चिकटून घरात येतात, तेव्हा हातमोजे घालून तिला आंघोळ घालावी.

वर्षातून दोन डोस तिच्यासारख्या उंदीरखाऊ कुत्रीला पुरेसे नाहीत. उंदीर खाल्ल्यावर सुमारे चार आठवड्यांत जंत अंडी टाकू लागतो आणि त्याला मारणाऱ्या प्राझिक्वांटेल या औषधाचा परिणाम शरीरात टिकून राहत नाही, म्हणून ते दर चार आठवड्यांनी द्यावे लागते. गोळीत प्राझिक्वांटेल आहे का, हे पाकिटावर पाहा. जंताच्या प्रत्येक औषधात ते नसते. कुत्री धडधाकट दिसते यावर विसंबू नका, कारण आतड्यातल्या या जंताने कुत्र्याला सहसा काहीच होत नाही.

फ्रीजरचा उपयोग नाही. घरगुती फ्रीजरच्या उणे १८ अंशांत अंडी मरत नाहीत. त्यासाठी उणे ८० अंशांत काही दिवस ठेवावे लागते. उष्णतेपुढे मात्र ती टिकत नाहीत, तेव्हा मुरंबा खुशाल करा. कच्ची फळे नीट धुवावीत, त्याने धोका कमी होतो.

रानवाटा:
थोडे अवांतर: आपल्याकडे ‘कोल्हा’ म्हटले की जॅकल डोळ्यांसमोर येतो, हा युरोपातला लाल कोल्हा आपल्या माळावरच्या खोकडाचा भाऊबंद. त्याची संख्या वाढण्यामागे एक चांगले काम आहे. रेबीज रोखण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये १९७८ साली आमिषातून लस देण्याचे प्रयोग सुरू झाले, पुढे जर्मनीतही ते झाले. रेबीज हटला तसे कोल्हे वाढले आणि शहरांतही शिरले. झुरिकमध्ये प्राझिक्वांटेल घातलेली आमिषे टाकून पाहिली, तेव्हा त्या भागातल्या कोल्ह्यांत जंताचे प्रमाण घटले. पण आमिषे सतत टाकत राहावी लागतात. कोल्हे मारणे हा उपाय मला पटत नाही, कारण रिकाम्या जागेत बाहेरचे तरुण कोल्हे येतात.

नेकारकाठ:
आभारी आहे. मुलीची तपासणी करून घ्यावी का? आणि पुढच्या महिन्यात कुत्रीला घेऊन आयर्लंडला जायचे आहे.

गुरांचा_डॉक्टर:
माणसात अंडी गेली तरी बहुतेकांना आजार होत नाही. ज्यांना होतो त्यांच्या यकृतात तो ५ ते १५ वर्षे मुकाट्याने वाढू शकतो. रक्ततपासणी असते, पण ती करावी की नाही हे मुलांच्या डॉक्टरांना ठरवू द्या. तोवर कुत्रीला हात लावल्यावर आणि जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावा, आणि झोपण्याची जागा वेगळी केलीत तर उत्तम. आयर्लंडमध्ये हा जंत नाही, म्हणून तिथे पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्याकडून प्राझिक्वांटेल देऊन त्याची नोंद कुत्रीच्या पासपोर्टमध्ये करून घ्यावी लागते. हा डोस महिन्याच्या गोळीच्या जवळपास आला तरी चुकवू नका. वेळ जमली नाही तर बंदरावर अडवतील.