एसटीएम३२ वर एस्क्यूलाइट: वीज गेली की डेटाबेस बिघडतो

प्रश्न (भोसरी, पुणे)
नमस्कार. शीतगृहातील तापमान दर १० सेकंदांनी नोंदवणाऱ्या यंत्रासाठी मी एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलरवर एस्क्यूलाइट हे छोटे डेटाबेस इंजिन बसवत आहे. सोबत फ्रीआरटॉस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असून एसडी कार्डावरील फाइलींसाठी फॅटएफएस ही लायब्ररी आहे. एस्क्यूलाइटला फाइलींशी जोडणारा व्हीएफएसचा थर मी स्वतः लिहिला. सुरुवातीला एस्क्यूलाइटची हीप (कामाची मेमरी) चिपमधील ६४ केबीच्या वेगळ्या सीसीएम रॅममध्ये ठेवली होती. प्रोसेसरला वगळून डेटा हलवणारे डीएमए तिथे पोहोचतच नाही हे कळेपर्यंत दोन दिवस गेले. हीप मुख्य रॅममध्ये आणल्यावर सर्व सुरळीत चालले, परंतु गुरुवारी वीज जाऊन आली की ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ हा संदेश येतो. लिहिलेला डेटा कार्डावर पक्का उतरवणारे व्हीएफएसमधील एक्ससिंक हे फंक्शन वेळ वाचावा म्हणून काहीही न करता ओके परत करते. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) वापरल्यास हे टळेल का?

उत्तर १
वॉलकडे वळण्याआधी एक्ससिंक नीट लिहा. डेटाबेसच्या जुन्या पानांची प्रत जर्नल या मदतीच्या फाइलीत खरोखर उतरल्यानंतरच मूळ फाइलला हात लावायचा, यावरच एस्क्यूलाइटची सगळी भिस्त आहे आणि आपले रिकामे फंक्शन नेमके तिथेच इंजिनाशी खोटे बोलते. त्यात फॅटएफएसचे एफ_सिंक बोलवा, आणि कार्डाला आज्ञा देणाऱ्या डिस्क_आयओसीटीएल या फंक्शनमधील सिंकची आज्ञा कार्डाचे काम संपेपर्यंत खरोखर थांबते ना, तेही पाहा. जर्नल मोड कोणता ठेवला आहे?

प्रश्नकर्ता
मेमरी, म्हणजे जर्नल फक्त रॅममध्ये. व्यवहार संपल्यावर जर्नल पुसणाऱ्या डिलीट मोडमध्ये जर्नलची फाइल उघडतच नव्हती.

उत्तर २
मग दुखणे दुहेरी आहे. मेमरी मोडमध्ये व्यवहार (ट्रान्झॅक्शन) अर्धवट असताना वीज गेली, तर मागे फिरण्यासाठी कार्डावर काहीच उरत नाही. फाइल न उघडण्याचे कारण बहुधा नावात असावे: एस्क्यूलाइट डेटाबेसच्या नावाला ‘-जर्नल’ हे शेपूट जोडते आणि फॅटएफएसमध्ये लांब नावांची सोय बंद असेल तर ८.३ च्या साच्यात (नावाला ८ आणि विस्ताराला ३ अक्षरे) ते बसत नाही. ती सोय सुरू करा आणि मोड पर्सिस्ट ठेवा. त्यात जर्नल पुसली जात नाही, फक्त तिच्या मथळ्यावर शून्ये लिहिली जातात. त्यामुळे प्रत्येक व्यवहाराला फॅटच्या (कार्डावरील फाइलींच्या तक्त्याच्या) नोंदी हलत नाहीत.

व्हीएफएसमधील वाचनाचे फंक्शन एक्सरीडही एकदा तपासा. फाइल संपल्यामुळे मागितल्यापेक्षा कमी बाइट मिळाले, तर उरलेला बफर शून्यांनी भरून शॉर्ट रीडचा कोड परत करावा लागतो. शून्ये भरली नाहीत तरी बरेच दिवस काही बिघडत नाही, म्हणून ही चूक भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. डेटाबेस मात्र कधीतरी खराब होतोच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. शून्ये खरोखरच भरलेली नव्हती. तिन्ही बदल केले, आणि सिंकचा वेळ परवडावा म्हणून आता ६ नोंदींचा एक व्यवहार करतो. त्यामुळे वीज गेली तर फार तर शेवटच्या मिनिटाच्या नोंदी जातील, आणि तेवढे आमच्या ग्राहकाला चालते. काल रिले लावून लिहिण्याच्या मधोमध २०० वेळा वीज तोडली. प्रत्येक वेळी इंटिग्रिटी चेक या एस्क्यूलाइटच्या तपासणीने ‘ओके’ दिले.