निर्वासित की शरणार्थी?

अनुवादेच्छू: शफीक अल-हूत यांच्यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. जन्म पॅलेस्टाईनमधल्या जाफाचा, १९३२. एप्रिल १९४८मध्ये कुटुंब बोटीने बैरुतला गेलं, ते गेलंच. पुढे हे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे, म्हणजे पीएलओचे, लेबनॉनमधले प्रतिनिधी. मी 'निर्वासित' लिहिलं होतं, संपादकांनी झाडून 'शरणार्थी' केलं. म्हणे निर्वासित हा शब्द फाळणीपुरता. तुम्ही काय लिहाल?

दौतटाक: निर्वासितच. शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा. हूत आसरा नाही, घर मागत होते. डिसेंबर १९४८चा संयुक्त राष्ट्रांचा ठराव १९४, त्याचं ११वं कलम हेच सांगतं: ज्यांना घरी परतायचंय त्यांना परतू द्या. १९९३मध्ये इस्रायल आणि पीएलओ यांच्यातल्या ऑस्लो कराराने हा प्रश्न 'नंतर बघू'वर ढकलला, तेव्हा निषेध म्हणून हूत पीएलओच्या कार्यकारिणीतून बाहेर पडले. अशा माणसाला शरणार्थी म्हणायचं?

बापूकाका: शरणार्थी हिंदीतून घुसलाय. ७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्यांच्या मदतीसाठी पत्राला जादा ५ पैशांचं तिकीट लागे. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्याच तिकिटावर 'शरणार्थी सहायता' छापून वेळ भागवली होती. आमचे पोस्टमास्तर मात्र शेवटपर्यंत 'निर्वासितांचं तिकीट' म्हणत.

चिकित्सक: घुसलाय काय? दोन्ही संस्कृतच. निर्वासित म्हणजे हाकलून लावलेला, सीतेचं निर्वासन आठवा. शिवाय हूतांचे आजोबा मूळचे बैरुतचे, तिथून जाफाला गेलेले. मग नातू निर्वासित कसा? गावी परतला म्हणा की.

दौतटाक: माझे आजोबा राजापूरचे. उद्या मला गिरगावातून हुसकावलं तर मी 'गावी परतलो' का?

सिंधुकन्या: उल्हासनगरकर बोलतेय. आजीला 'निर्वासित'चा राग आणि 'शरणार्थी'चा त्याहून जास्त. ती 'पुरुषार्थी' म्हणवून घ्यायची. आणि ताई, 'छावणी' लिहिलं असेल तर खोडा. आम्ही रिक्षावाल्याला आजही 'कॅम्प तीन'च सांगतो. बैरुतमधला पॅलेस्टिनींचा शातिला कॅम्प १९४९पासून आहे. तंबू कधीच गेले. एकाला एक चिकटलेली घरं, चिंचोळे बोळ, डोक्यावर विजेच्या तारांचा गुंता. छावणी म्हटलं की मला घोडे दिसतात.

टवाळ: आणि परत जाण्याच्या हक्काला 'परतावा' लिहू नका, आयकर खातं धावून येईल.

अनुवादेच्छू: 'परतीचा हक्क' लिहिलंय. मजकूर उद्या छापायला जातोय हो, पहिल्या शब्दाचं बोला!

चिकित्सक: हक्क अरबीच. तिकडेही 'हक्क अल-औदा'. तिथल्या कॅम्पांत निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला 'वकाला' म्हणतात, आपला वकील त्याच धातूतला.

बापूकाका: वा! पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी पाठवलेला प्रतिनिधी. कोर्टकचेरी नंतरची. मग हूत हे पीएलओचे बैरुतमधले वकील, असंच लिहा. सोळा आणे मराठी.

टवाळ: वाचक विचारतील, फी किती घ्यायचे?

दौतटाक: सोळा आणे मराठी? आत्ताच तर अरबी ठरला ना?

बापूकाका: तीनशे वर्षं घरात राहिला की आपलाच.

चिकित्सक: मग शरणार्थीने काय घोडं मारलंय?

बापूकाका: त्याची तीनशे भरू देत. वकिलात मात्र जुनी.

चिकित्सक: जुनी कशावरून? वकील जुना. वकिलात 'एम्बसी' या अर्थी कधीपासून, दाखवा बघू एखादं पत्र.