विज्ञान दिनाला लॅब बघितलीत? काय डोक्यात राहिलं? (अनुभव धागा)

फेब्रुवारी उजाडला की शाळेच्या ग्रुपवर २८ तारखेची सूचना येतेच. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपला शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून हा राष्ट्रीय विज्ञान दिन. कोल्हापुरात त्या सुमारास शिवाजी विद्यापीठाचे विभाग, कॉलेजांच्या लॅब बघायला मिळतात. भाषणं, फुगे, सेल्फी बाजूला ठेवा. टेबलापलीकडच्या माणसानं काय दाखवलं ते लिहा.

माझं म्हणाल तर किरणोत्सव. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, अंबाबाईच्या मंदिरात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, हे लहानपणापासून पाठ. वर्षातून दोनदाच का, हा प्रश्न कधी पडला नव्हता. एमएस्सीच्या एका मुलानं पुठ्ठ्याचा गाभारा आणि टॉर्च घेऊन दाखवलं. २१-२२ डिसेंबरपर्यंत सूर्य दक्षिणेकडे सरकतो, मग परत फिरतो. जाताना क्षितिजावर ज्या जागी मावळला, येताना पुन्हा त्याच जागी मावळतो. दोन्हीकडचे दिवस मोजून बघा, साधारण ४१-४२ भरतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे देवीचं कायच न्हाई होय यात?" पोरगा गडबडला. मग म्हणाला, "आजी, देऊळ बांधणाऱ्याला हे ठाऊक होतं की." त्यावर त्याला पिशवीतला पेढा मिळाला.

गुऱ्हाळवाला, करवीर
पोरीनं ओढत नेलं. केमिस्ट्रीच्या टेबलावर गुळाचे दोन खडे, एक पिवळाधमक, एक काळपट. स्टार्च-आयोडीनच्या निळ्या पाण्यात पिवळ्याचं पाणी टाकलं, निळा रंग गेला. तिथली मुलगी म्हणाली, हायड्रॉस, म्हणजे गूळ पिवळा करायची रासायनिक पावडर, वापरलं असेल तर असं होतं, पण एवढ्यावर शिक्का मारायचा नाही, दुसऱ्या कशानं पण रंग जाऊ शकतो. हे मला पटलं. मग मी विचारलं, रस उकळताना आम्ही भेंडीचं पाणी घालतो, मळी वर कशी येती? तिनं सांगितलं, भेंडीतला चिकट पदार्थ बारीक कणांना धरून एकत्र गोळा करतो, ते तरंगतात, आपण झाऱ्यानं काढतो. बापजाद्यांपासून करतोय, कारण आत्ता कळलं. शेवटी म्हटलं, बाजारात दर पिवळ्यालाच मिळतोय, त्याचं काय? गप्प बसली बिचारी. तिच्या हातात थोडंच आहे ते!

मावशी, राजारामपुरी
लिक्विड नायट्रोजन. उणे १९६ अंश. जास्वंद बुडवली, टेबलावर आपटली, चुरा! सातवीतला भाचा तेव्हापासून आमच्या फ्रीजरमध्ये काय काय ठेवतोय, विचारू नका.

शिक्षक, गगनबावडा रोड
सगळंच गोड नाही हो. एका कॉलेजात आमची पोरं प्रमुख पाहुण्यांची वाट बघत उन्हात बसली. लॅबमध्ये रांगेनं आत, रांगेनं बाहेर, "हात लावू नका." बाहेर पडताना मात्र प्रत्येकाच्या हातात ॲडमिशनचं पत्रक. परतीच्या एसटीत पोरं वडापावबद्दल बोलत होती.

पीएचडीवाली, फिजिक्स
सर, टेबलामागून आम्हालाही तेच खुपतं. मी पातळ थरांवर काम करते. तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा, पाणी उडून जातं आणि काचेवर थर उरतो. त्यातले काही थर गॅस ओळखतात, काही सौरघटात लागतात. फवारा मुलांच्या हातात दिला तर गर्दी हलत नाही, नुसता तक्ता लावला तर कुणी थांबत नाही. बारावीच्या मुलांसाठी एक सांगते, कारण हाच घोटाळा दरवर्षी होतो. विद्यापीठाच्या आवारातल्या विज्ञान विभागांत मुख्यतः एमएस्सी आणि पीएचडी चालते. बीएस्सी करायची ती कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या संलग्न कॉलेजात. तेव्हा आमच्याकडे येऊन फी विचारू नका, कोणत्या कॉलेजची लॅब खरोखर चालू असते ते विचारा. खरं उत्तर देऊ. आणि हो, "दीदी, पगार किती?" याचंही देतो.

झाडवेडा
बॉटनीची बाग कुणी बघितली नाही? कंदीलपुष्पांचं काम तिथलं नावाजलेलं. नळीसारखं फूल, आत खाली वळलेले केस. माशी उतरते, केसांमुळे वर येता येत नाही. काही काळानं केस सुकतात आणि ती परागांचं ओझं घेऊन सुटते. पण फेब्रुवारीत फुलं कुठली! फोटोवरच भागवावं लागतं. बाग बघायची तर पावसाळ्यात.

अकरावी सायन्स
झाडवेड्या काकांना अनुमोदन, सगळं २८ फेब्रुवारीलाच कशाला? कोल्हापुरात शून्य सावली मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असते, दुपारी साडेबाराच्या आसपास. उभ्या बाटलीची सावली बुडाखाली जाते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत तोच योग, पण तेव्हा आपल्याकडे सूर्य दिसला तर नशीब. मे महिन्यात शाळा बंद, म्हणून शाळेत कार्यक्रम होत नाही. गच्ची तर प्रत्येकाकडे आहे. पीएचडीवाल्या ताई, तुमच्यापैकी कुणी आमच्या कॉलनीत याल का? बाटल्या, चहा आमच्याकडून.