एमएस्सीनंतर नेट-सेटच्या मागे किती वर्षं घालवायची?

रसायनवेडा
एमएस्सीचा निकाल लागला की दरवर्षी तेच दिसतं. हुशार मुलंमुली नेट-सेटच्या, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षांच्या, तयारीला बसतात. विज्ञान विषयांची सीएसआयआर नेट वर्षातून दोनदा होते, त्यामुळे 'या खेपेला नाही तर पुढच्या' असं म्हणत वर्षं सरतात. मधल्या काळात एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणं चालू. बरं, पास झालं तरी हाती येते ती पात्रता, नोकरी नव्हे. अनुदानित जागा शासनाच्या मान्यतेशिवाय भरता येत नाहीत. तोवर नेट झालेला काय आणि पीएच.डी. झालेला काय, दोघेही तासिकेवरच. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीत तेही नाहीत.

माझं मत: वर्षभरात उद्योगात शिरा. मी औषध कंपनीत क्यूसीसाठी (गुणवत्ता तपासणी विभागासाठी) मुलाखती घेतो. एचपीएलसीचं, म्हणजे औषधातले घटक कॉलम नावाच्या नळीतून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं, तत्त्व सगळ्यांना पाठ असतं. पण 'कॉलमचं प्रेशर अचानक वाढलं, काय कराल?' म्हटलं की शांतता. फॉस्फेट बफरनंतर (हे क्षारांचं द्रावण) पाण्याने न धुता थेट अॅसिटोनायट्राइल हे द्रावक सोडलं तर क्षार कॉलममध्येच बसतात, हे हाताने काम केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. आणि हे शिकायची उमेद बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी जास्त असते.

सह्यवारा
पूर्ण असहमत. तुम्ही नेटला प्राध्यापकीच्या दारापुरतीच मोजताय. नेटमधून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि एसआरएफ (त्यापुढची फेलोशिप) झाल्यावर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं, एकूण पाच वर्षांपर्यंत. ज्याच्या घरून पैसे येणं शक्य नाही, त्याला संशोधन करायचा हाच एक सन्मानाचा रस्ता आहे. वर्षभरात नोकरी धरा म्हणताना तुम्ही त्याच मुलाला संशोधनातून बाहेर काढताय.

शिवाय क्यूसीत काय शिकतो? तीच मोनोग्राफ (औषध तपासायची ठरलेली पद्धत), तीच टेस्ट, रोज. प्रश्न विचारायची सवयच जाते.

रसायनवेडा
@सह्यवारा, 'जेआरएफ मिळाली तर' या 'तर'वरच माझा सगळा आक्षेप आहे. ज्यांना मिळते त्यांच्याबद्दल मी बोलतच नाहीये. कटऑफच्या खाली अडकून वर्षानुवर्षं बसलेल्यांचं काय?

आणि क्यूसीत प्रश्न विचारायची सवय जाते हे मान्य नाही. एखाद्या बॅचचा निकाल मर्यादेबाहेर गेला की चूक नमुन्यात, उपकरणात, माणसात की उत्पादनात, हे पुराव्यानिशी शोधावं लागतं. सॉफ्टवेअरची ऑडिट ट्रेल प्रत्येक बदल दाखवते, त्यामुळे काही झाकणं अवघड जातं. हे उत्तम विज्ञान आहे.

जीवाणूप्रेमी
मी मायक्रोबायॉलॉजीची. दोघंही रसायनशास्त्र धरून बोलताय. आमच्या विषयातल्या मुलींना क्यूसीत 'शिफ्ट असते, जमेल का?' असं विचारून सरळ टाळलं जातं, हे मी स्वतः अनुभवलंय. 'उद्योगात शिरा' म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या कंपनीत हे थांबवावं.

मी फार्माकोव्हिजिलन्समध्ये आले. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासायच्या, कारण आणि परिणाम यांचा संबंध लावायचा. प्रयोगशाळा सुटली याची खंत आहे, पण काम महत्त्वाचं आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदालाही मायक्रोबायॉलॉजी, बायोकेमिस्ट्रीची पदवी किंवा रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी चालते. वर्गात हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं.

अनंतश्रेणी
भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांनी कुठल्या 'उद्योगात' शिरायचं? आमच्या एमएस्सीला थेट विचारणारा कारखाना नाही. म्हणून आमच्याकडे परीक्षा हाच खरा दरवाजा आहे. पण तो नेटपुरता नाही, आणि इथे मला रसायनवेडा यांचं थोडं पटतं. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) प्रशिक्षण शाळेत विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी घेतात, वर्षभराचं प्रशिक्षण आणि पुढे सायंटिफिक ऑफिसर. संख्याशास्त्रवाल्यांना यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा आहे. भूगर्भशास्त्रवाल्यांना यूपीएससीचीच भूवैज्ञानिक परीक्षा. या सगळ्यांना अभ्यास जवळपास तोच लागतो, मग अर्ज एकाच परीक्षेचा का भरायचा?

सह्यवारा
@अनंतश्रेणी, हे पटलं. पण एक गोष्ट सोडू नका. परीक्षा पास होणं आणि चांगला गाइड मिळणं यांत दुसरी गोष्ट जास्त अवघड आणि जास्त महत्त्वाची. प्रवेशाआधी त्या प्रयोगशाळेतल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. प्रबंध किती वर्षांत पूर्ण होतो, पेपरवर पहिलं नाव कुणाचं जातं, फेलोशिप संपल्यावर खर्च कसा भागतो, हे सर नाही सांगणार, तेच सांगतील.

कागदोपत्री
पेटंटचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितोय. पेटंट एजंटच्या (इतरांच्या शोधांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याच्या) परीक्षेला विज्ञानाची पदवी पुरते, कायद्याची लागत नाही. एमएस्सीवाल्याचा फायदा असा की शोधात नवीन नेमकं काय आहे, हे त्याला वाचून कळतं. अर्जातले दावे लिहिताना एक शब्द सैल पडला तर प्रतिस्पर्धी त्याच फटीतून निसटतो. ज्यांना विज्ञान आवडतं, पण पिपेट धरून आयुष्य काढायचं नाही, त्यांनी याचा जरूर विचार करावा.

रसायनवेडा
@जीवाणूप्रेमी, शिफ्टचा प्रश्न विचारून मुलींना गाळणं चूकच आहे. आमच्या विभागात मुलाखतीतून तो प्रश्न काढायचा मुद्दा मी मांडणार आहे.

@सह्यवारा, नोकरी धरली म्हणजे संशोधन संपलं असं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं.

सह्यवारा
ते पत्र किती खासगी कंपन्या खुशीने देतात? तुमची देईल का?

रसायनवेडा
आमच्याकडे एकाला दिलंय. दुसऱ्याचा अर्ज अडकलाय, त्यासाठी मी भांडतोय.