मदत हवी आहे: संडेस्कूलसाठी आयोडिनचा प्रयोग, पाणी नितळ होत नाही

8–10 वर्षांच्या मुलांना यशया 1:18 (बायबलमधलं वचन: पापं लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील) शिकवायचा आहे. 200 मिली पाण्यात 10% पोव्हिडोन आयोडिनचे 10 थेंब म्हणजे पाप. आणखी पाणी ओतलं तर रंग फिका होतो, जात नाही (सत्कृत्यांनी तारण नाही, हे इथे छान कळतं). क जीवनसत्त्वाने तो जातो, पण चघळायच्या 500 मिग्रॅ गोळीचा नारिंगी रंग आणि गढूळपणा उरतो. मुलं त्याचा अर्थ ‘क्षमेनंतरही डाग राहतो’ असाच घेतील, म्हणून हे चालणार नाही. गोळी कुटून, गाळून पाहिली, लिंबूरसानेही गढूळच. ब्लीच मुलांजवळ नको.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे चालतील का? एवढ्या पाण्याला किती? आणि खळ दिलेल्या पांढऱ्या कापडावरचा आयोडिनचा निळा-काळा डागही त्याने पूर्ण निघेल का?