पॉवरगेमरला उठवू नका, कामाला लावा
डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, एकेक पात्र घेऊन टेबलाभोवती खेळायच्या खेळांत पॉवरगेमर म्हणजे आपल्या पात्राची ताकद वाढवण्यामागेच लागलेला खेळाडू. 'असा कोणी दिसला की टेबलावरून उठवा' हे काहींचं मत मला काही पटलं नाही. १९८० मध्येच अशा खेळांवर लिहिणाऱ्या ग्लेन ब्लॅकोने खेळाडूंचे चार कल मांडले होते: ताकद वाढवणारे, डावपेच लढवणारे, पात्र जगणारे, गोष्ट रंगवणारे. एकाच माणसात यातले दोन-तीन सहज सापडतात.

इथे नाशकात, गंगापूर रोडला मित्राच्या गच्चीवर आमचा रविवारचा डाव असतो. त्यात एक जण असाच, वीस बाजूंचा फासा थांबायच्या आत बेरीज सांगणारा. नवख्यांच्या चालीही हाच ठरवायचा. शेवटी लढाईतल्या पाळ्यांची वही त्याच्याकडे दिली. माझं, म्हणजे डीएमचं (डंजन मास्टर, डाव चालवणारा), निम्मं ओझं उतरलं आणि त्याचं मध्येमध्ये तोंड घालणंही कमी झालं. खरा वैताग मोबाइलवाल्याचा! पाळी आली की 'काय झालं रे मघाशी?' मग पुन्हा सगळं सांगा, तोवर चिवडा संपलेला.