मदत हवी आहे: क्वार्टरबॅकच्या (पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या) जागेसाठी गुण कसे मोजायचे?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या ऑगस्टमधल्या सराव शिबिराची नोंदवही ठेवणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगावं.

एनसीएएच्या (अमेरिकी कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या) नियमाप्रमाणे हंगामापूर्वी 25 सराव मिळतात, पहिले 7 दिवस शरीराला सवय होण्यासाठी. त्यातल्या पहिल्या दोन दिवशी फक्त हेल्मेट. पूर्ण सामन्यासारखे सराव दोनच. म्हणजे दोन क्वार्टरबॅकमधून निवड करायला खरा पुरावा फार थोडा हाती लागतो, आणि तोही फसवा!

एक जण पहिल्या फळीच्या बचावापुढे खेळतो, दुसरा राखीव खेळाडूंपुढे. दुसऱ्याची पासची टक्केवारी साहजिकच फुगते. शिवाय सरावात क्वार्टरबॅकला पाडत नाहीत, त्यामुळे सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) झाला असता की तो निसटला असता, हे शिट्टी वाजवणाऱ्याच्या अंदाजावर ठरतं. सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये (सात विरुद्ध सात, फक्त पासचा सराव) तर समोरून धावून येणारं कोणीच नसतं. ते आकडे वेगळे ठेवणंच बरं.

सध्या प्रत्येक स्नॅपला (चेंडू मागे देऊन सुरू होणाऱ्या प्रत्येक खेळीला) निर्णय, अचूकता आणि चेंडू सुटायला लागलेला वेळ नोंदवला जातो. रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) हातून सुटलेला झेल क्वार्टरबॅकच्या नावावर धरत नाही.

दोघांना एक दिवसाआड पहिल्या फळीबरोबर खेळवावं, की एकाच सरावात मालिका (सलग स्नॅपचे गट) वाटून द्याव्यात? थर्ड डाऊन (दहा यार्ड पुढे जाण्याचा तिसरा प्रयत्न) आणि रेड झोनच्या (गोलरेषेपासून शेवटच्या 20 यार्डांतल्या) स्नॅपना किती जास्त वजन देता?